लाकडावरचा पांढरा थर आणि 2,430 रुपये

बेळगावात शहापूरला आमचं घर. दिवाळीच्या सुट्टीत लेकीच्या हट्टापायी दोन फुटी फिश टँक आणला, साधारण 55 लिटरचा. आठ मोली मासे, पाच शंख (पाण्यातल्या गोगलगायी), सहा चेरी श्रिंप म्हणजे छोट्या कोळंब्या, आणि दुकानदारानंच निवडून दिलेलं एक वेडंवाकडं लाकूड. दहाव्या दिवशी त्या लाकडावर पांढरट, बुळबुळीत थर धरला. पाणी हललं की तोही डुलायचा. लेक रडवेली झाली, मी फोटो काढून दुकान गाठलं.

"वहिनी, ही बुरशी हाय. आज लाकडावर, उद्या माशांच्या अंगावर. आठवड्यात टाकी रिकामी हुईल बघा."

मी घाबरले. त्यानं लेबल नसलेली निळ्या औषधाची बाटली दिली, 350 रुपये. टाकी धुवायला पोरगा पाठवला, त्याचे 500. पोरानं सगळं पाणी उपसलं, खडी नळाखाली घासली, फिल्टरचा जुना स्पंज फेकून नवा बसवला, त्याचे 180. "परत येऊ नये म्हणून" पाण्यातले जंतू मारणारा यूव्ही दिवा, 1,400. बिल मागितलं तर म्हणाला, "घरच्या माणसांना कसलं बिल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचही शंख तळाला उलटे पडलेले, श्रिंप एकही जिवंत नाही. दुकानदार फोनवर म्हणाला, बुरशी आधीच भिनली होती. चौथ्या दिवसापासून मोली वर येऊन तोंडानं हवा ओढायला लागल्या. आठवड्याभरात सहा गेल्या. लेक रोज शाळेतून आली की आधी मोजायची.

निपाणीला शाळेत जीवशास्त्र शिकवणारी माझी मावसबहीण त्या रविवारी आली. तिनं पहिलं विचारलं, "बाटलीत काय होतं?" मी दुकानदाराला फोन लावला. तो बिनदिक्कत म्हणाला, "मोरचुदाचं पाणी की, दुसरं काय!" अथणीकडे द्राक्षबागांवर चुन्यात कालवून मारतात तेच मोरचूद. त्यातलं तांबं पाण्यात अगदी थोडं असलं तरी शंख आणि श्रिंप तग धरत नाहीत. मासे मेले ते धुलाईमुळं. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून माशांना विषारी असा अमोनिया होतो, तो पचवणारे जिवाणू स्पंजमध्ये आणि खडीत राहतात. नव्या टाकीत त्यांचं बस्तान बसायला चार ते सहा आठवडे लागतात. आमच्याकडे जे थोडे जमले होते ते त्या पोरानं नळाखाली धुऊन टाकले.

आणि तो पांढरा थर? नव्या लाकडातून साखर आणि इतर द्रव्यं पाझरतात, त्यावर जिवाणू आणि बुरशी वाढतात. माशांना त्याचा काही त्रास नाही. शंख तो खातात, जुन्या टूथब्रशनं घासला तरी निघतो, काही आठवड्यांत आपोआप थांबतो. लाकूड टाकीत घालण्याआधी उकळून घेतलं तर कमी येतो. माशाला बुरशी लागते तेव्हा ती माशाच्याच अंगावर दिसते, बहुधा जखमेवर, कापसाच्या बोंडासारखी. नव्या टाकीत काचेवर तपकिरी भुकटी दिसली तर तीही हातानं पुसता येते. हिरवट-निळी साय चादरीसारखी सुटते आणि मातकट वास मारते, ती मात्र नीट ओळखून काढावी लागते. पण औषधाआधी ते काय आहे हे कळलं पाहिजे. वाढ कुठं आहे, लाकडावर की माशावर, एवढं तरी आधी बघा.

माझ्या मनाला लागलं ते पुढचंच. दिवा परत करायला गेले, तर दुकानाच्या मागच्या टाकीत तीन नवी लाकडं होती. तिन्हींवर तोच पांढरा थर, आणि मोली तो टिपत होत्या. तिथं निळं औषध नव्हतं. मी बोट दाखवलं तर म्हणाला, "ते वेगळं हाय." म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. अज्ञानानं झालं असतं तर मी एवढं लिहिलंच नसतं.

दिवा त्यानं परत घेतला नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे, जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांत तक्रार करता येते. माझ्याकडे दाखवायला बिल नाही, फक्त फोटो आणि ती बाटली आहे. म्हणून सांगते, लेबल नसलेली बाटली घरी आणू नका, आणि ओळखीचा असला तरी बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

तांबं मुरलेली खडी आणि लाकूड आम्ही टाकून दिलं. उरलेल्या दोन मोली सध्या बादलीत आहेत.