गोलाणीतून आणलेलं जुनं आय३५० कार्ड: माल चोख, नावाचं तेवढं बघा

पारोळ्याला मामांची जिनिंग आहे. तिथल्या ऑफिसात जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स टाकून मी फायरवॉल (नेटच्या ये-जावरचा पहारेकरी) केलाय. एका पोर्टात बाहेरचं नेट, दुसऱ्यावर वजनकाटा आणि ऑफिसचे तीन पीसी. त्यासाठी जळगावच्या गोलाणी मार्केटातून इंटेल आय३५०चं दोन पोर्टांचं वापरलेलं नेटवर्क कार्ड घेतलं, चौदाशेला. या कार्डाच्या नकला पुष्कळ फिरतात, म्हणून दोन्ही पोर्ट दुकानातच चालवून घेतले. दुकानदाराने कुरकुर केली नाही, वर छोट्या कॅबिनेटला लागणारी पट्टीही शोधून दिली. कपाशीचा अख्खा सीझन रुई-धूळ खाऊन कार्ड चाललं. पूर्ण गुण.

आता नाव, म्हणजे लिनक्समध्ये पोर्टाला मिळतं ते. पूर्वी ईटीएच०, ईटीएच१ असायचं. जे आधी सापडेल ते शून्य, त्यामुळे रीबूटनंतर दोघांची अदलाबदल व्हायची भीती. २०१३ मध्ये सिस्टमडीने (लिनक्समध्ये मशीन सुरू करून सगळं सांभाळणारा प्रोग्राम) जागेवरून नाव द्यायला सुरुवात केली. माझी पोर्टं झाली ईएनपी२एस०एफ० आणि एफ१, म्हणजे इथरनेट, पीसीआय बस (कार्डं जोडायची वाट) २, स्लॉट ०, आणि कार्डावरचं पहिलं नि दुसरं पोर्ट. वाचायला कडू, पण अर्थ आहे.

जानेवारीत मी हौसेने त्याच मशीनमध्ये एनव्हीएमई डिस्क (हीसुद्धा पीसीआयवरच बसते) बसवली, मशीन चालू केलं आणि घाईत घरी निघून आलो. सकाळी मामांचा फोन: "काय व्हयनं रे भो? नेट बंद पडनं!" काट्यावर कापसाच्या गाड्यांची रांग. तासभर मी फोनवरून वायरी काढ-घाल करायला लावल्या. मग तिकडच्या पोराला 'आयपी लिंक' ही पोर्टांची यादी दाखवणारी कमांड मारायला सांगितलं, तेव्हा उजेड पडला. नव्या डिस्कमुळे बसचे नंबर सरकले होते, पी२चं पी३ झालं होतं. फायरवॉलचे माझे सगळे नियम अजून पी२ला हाका मारत होते! मदरबोर्डावरच्या पोर्टाचं नाव, ईएनओ१, मात्र हललं नव्हतं.

कार्डाचा यात काही दोष नाही. दोन पोर्टांसाठी सिस्टमडीच्या दोन .लिंक फायली केल्या, मॅक पत्ता (पोर्टाचा स्वतःचा हार्डवेअर क्रमांक) जुळवून 'बाहेर' आणि 'जिन' अशी नावं दिली. फक्त नाव पंधरा अक्षरांच्या आत ठेवा आणि पुन्हा ईटीएच० देऊ नका, कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) स्वतःच्या नावांशी टक्कर होते. फ्रीबीएसडी ही लिनक्ससारखीच दुसरी सिस्टम वापरणाऱ्यांना हेच कार्ड आयजीबी०, आयजीबी१ दिसेल. तिथे ड्रायव्हरचं नाव लागतं, आणि बदलायचं तर आरसी.कॉन्फ या सेटिंगच्या फायलीत एक ओळ पुरते.

परवा मामांचाच फोन आला, "भो, 'बाहेर' डाउन दखास." या वेळी खरंच बाहेरची वायर तुटली होती.