ओव्हनला दुसरा पहारेकरी कोणता: थर्मल फ्यूज की कट-आउट?

कोल्हापुरातील आमच्या महाविद्यालयात 110 अंशांवर लावलेला ओव्हन एका सकाळी 230 वर पोहोचलेला सापडला. आतला फिल्टर पेपर तपकिरी पडला होता. हीटरची वीज चालू-बंद करणाऱ्या रिलेचे (विद्युत स्विचचे) संपर्कबिंदू चिकटल्याने थर्मोस्टॅटने तोडूनही हीटर चालूच राहिला होता. आता स्वतंत्र संरक्षण कोणते बसवावे, असे प्रयोगशाळा सहायकांनी विचारले.

थर्मल फ्यूज, म्हणजे ठरावीक तापमानाला उडून वीज तोडणारा भाग, निर्विवाद स्वस्त आहे. मात्र तो एकदाच उडतो, आणि जोडताना डाख दिल्यास त्या उष्णतेनेच निकामी होऊ शकतो. उद्यमनगरातील कारागिराला क्रिंप करायला (डाख न देता दाबून जोडायला) आवर्जून सांगावे.

कट-आउट म्हणजे तापमान मर्यादेपलीकडे गेल्यावर वीज तोडणारा स्विच. हाताने रीसेट होणाऱ्या कट-आउटचे तापमान निवडता येते, आणि बटण दाबल्याशिवाय ओव्हन पुन्हा सुरू होत नसल्याने बिघाड कोणाच्या तरी नजरेस येतोच. मर्यादा खाली आणून हीटरची वीज तुटते का, हे दर सत्राला पाहता येते. फ्यूजची चाचणी म्हणजे फ्यूजचा शेवट. दोन्ही त्याच जुन्या रिलेमार्फत जोडले, तर मात्र खर्च वायाच.

एकाच तापमानाच्या वॉटर बाथला फ्यूज पुरे. रात्रभर, वेगवेगळ्या तापमानांवर चालणाऱ्या ओव्हनला कट-आउटच घ्यावा. 900 अंशांच्या मफल भट्टीला दोन्ही निरुपयोगी. तिला स्वतंत्र थर्मोकपल (तापमान मोजणारा संवेदक) आणि वेगळा कॉन्टॅक्टर (मोठा वीजप्रवाह तोडणारा स्विच) लागतो.