गुहेत उतरायला फिगर ऑफ एट की बॉबिन?

पुण्याच्या आसपास सगळा बसाल्ट, चुनखडीच्या गुहा नाहीत. त्यामुळे लोणावळ्याजवळच्या ड्यूक्स नोज कड्यावर फिगर ऑफ एटनं (रोपावरून उतरायची 8 आकाराची धातूची कडी, थोडक्यात एट) सराईतपणे उतरणाऱ्यांची मेघालयातल्या चुनखडीच्या गुहांची मोहीम ठरली की प्रश्न येतो: एट पुरेल, की बॉबिन डिसेंडर (दोन पट्ट्यांमध्ये दोन स्थिर पुली असलेलं, रोपावरून उतरायचं साधन) घ्यायचा?

कड्यावरच्या रॅपलिंगला एट उत्तमच. स्वस्त, हलका, बिघडण्यासारखं त्यात काही नाही. गुहेत तो नडतो पिळामुळे. एटमधून जाताना रोप पिळला जातो. कड्यावर खालचं टोक मोकळं असल्यानं पीळ निघून जातो. गुहेत रोप खडकाला घासू नये म्हणून मध्येच पुन्हा अँकरला बांधतात, त्याला रिबिले म्हणतात. तिथे पिळाला वाट नाही; अँकरखाली लोंबणाऱ्या झोळात तो साठतो आणि रोपाची वेटोळी पडतात, तीही नेमकी तुम्ही डिसेंडर बदलत असताना.

शिवाय रोप घालायला एट सहसा कॅराबिनरमधून (उघडझाप होणाऱ्या धातूच्या कडीतून) काढावा लागतो. चिखलानं माखलेल्या हातमोज्यांतून निसटला, की गेला. बॉबिन हार्नेसलाच (कमरेला-मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांना) अडकलेला राहतो. फक्त बाजूची पट्टी उघडायची.

बॉबिनसह रिबिले असा ओलांडतात: अँकर छातीसमोर आला की थांबा, छोटा काउटेल (हार्नेसला बांधलेला, टोकाला कॅराबिनर असलेला दोराचा तुकडा) त्यात अडकवा, थोडं उतरून वजन त्यावर घ्या. डिसेंडर काढून खालच्या रोपावर चढवा, सैल रोप ओढून घ्या आणि रोप सरकणार नाही असा डिसेंडर लॉक करा. मग झोळात पाय देऊन उभे राहा, वजन डिसेंडरवर आल्याची खात्री करा आणि काउटेल सोडवा. नवख्यांची हमखास चूक म्हणजे अँकरच्या खूप खाली जाणं. मग काउटेल पोचत नाही.

बॉबिनही निर्दोष नाही. चिखलातल्या रेतीनं पुली झिजतात. 9 मिमीच्या नव्या, कोऱ्या रोपावर तो सुसाट सुटतो, म्हणून ब्रेकिंग कॅराबिनर (रोपाला जास्तीचं घर्षण देणारा) हवाच, तोही स्टीलचा. आपोआप थांबणाऱ्या प्रकारात हँडल दाबलं की रोप सुटतो, आणि घाबरलेला माणूस नेमकं तेच घट्ट दाबतो. खरा ब्रेक खालचा हातच. रोप उलटा घातला तर हँडल सोडूनही भरवसा नाही.

आमचं मत: साधा, बिनहँडलचा बॉबिन घ्या आणि थांबाल तिथे लॉक करायची सवय लावा. वाचलेले पैसे क्रोल आणि हँड जॅमर (रोपावर चढताना छातीशी आणि हातात धरायच्या, खाली न घसरणाऱ्या पकडी) यांच्यासाठी ठेवा, कारण त्याच रोपावरून वर यायचंय. रोप स्टॅटिकच (फारसा न ताणणारा), ताणला जाणारा डायनॅमिक वर येताना वर-खाली हिंदकळवतो आणि कडेवर घासतो.

निघण्यापूर्वी एखाद्या क्लाइंबिंग वॉलवर रिबिले लावून उतरणं-चढणं दहा वेळा करा. शेवटच्या फेऱ्या अंधारात, हेडलॅम्पवर, ओले हातमोजे घालून.