वासाचे बुजगावणे: कोल्ह्याच्या गंधाच्या कुप्या एका हंगामानंतर

मॅकाडेमियाच्या, म्हणजे कठीण कवचाचा सुका मेवा देणाऱ्या झाडांच्या बागेत उंदीर किती माजले आहेत हे कळण्यासाठी उंदीर दिसावा लागत नाही. बुंध्याशी रिकाम्या कवचांचा ढीग साचतो आणि त्यातील प्रत्येक कवचाला, कडेवर दातांचे बारीक चरे असलेले एक गोल भोक असते. हे ढीग वाढू लागले तेव्हा मी शिकारी प्राण्याच्या वासाच्या कुप्या आणल्या. विषारी आमिष मला नको होते, कारण ते खाल्लेला उंदीर घुबडाने उचलला तर विष घुबडाच्याही अंगी लागते.

कुपी बोटभर लांबीची असून तिच्या सच्छिद्र झाकणाआड टीएमटी या संयुगात भिजवलेला बोळा असतो. हा गंधकयुक्त पदार्थ मुळात कोल्ह्याच्या विष्ठेतला. ज्यांच्या कित्येक पिढ्या प्रयोगशाळेतच जन्मल्या आणि ज्यांनी कोल्हा कधी पाहिलेला नाही, असे उंदीरही तो हुंगताच जागच्या जागी थिजतात. म्हणजे ही भीती उपजत आहे आणि कल्पनेच्या मुळाशी खोट नाही. वास मात्र जळक्या रबरासारखा असून, हातमोजे घालूनही तो दोन दिवस माझ्या हाताला येत होता.

मी एका रांगेत कुप्या टांगल्या, शेजारची रांग तशीच ठेवली आणि रोज सकाळी दोन्हीकडची कवचे झाडून गोळा केली. पहिल्या आठवड्यात कुप्यांच्या रांगेत कवचे खरोखरच कमी पडली. तिसऱ्या आठवड्यात दोन्ही टोपल्या सारख्याच भरू लागल्या आणि एके सकाळी तर नेमक्या कुपीखालीच ताज्या कवचांची रास होती. वासामागून कोणीच येत नाही, हे उंदरांनी ओळखले होते. ‘लांडगा आला रे आला’ ही हाळी त्यांनाही फार दिवस फसवत नाही, विशेषतः समोर इतका तेलकट, पौष्टिक गर असताना.

माहितीपत्रकातील सूचनाही मला अर्धवट वाटली. कुपी कमरेच्या उंचीवर बांधावी असे त्यात म्हटले आहे. पण काळा उंदीर पट्टीचा चढणारा असतो आणि फांद्या एकमेकींत गुंतलेल्या असतील तर जमिनीला पाय न लावता झाडामागून झाड पालथे घालतो. दुसऱ्या खेपेस मी कुप्या शेंड्याकडे टांगल्या, त्याने चारदोन दिवस अधिक मिळाले, एवढेच. पाकिटावर तीन महिन्यांची हमी असली तरी ऊन आणि वाऱ्यात महिनाभरानंतर कुपी नाकाशी धरल्याशिवाय वास येत नव्हता. तक्रार केल्यावर उत्पादकाने ‘कुप्यांची संख्या वाढवा’ असे एका ओळीत कळवले, ते मला पटले नाही.

पुढे जमिनीला टेकणाऱ्या फांद्या छाटल्या, बुंध्याभोवतीचे गवत काढले आणि छाटणीचा पाला हलवला, तेव्हा दोन्ही रांगांतील कवचे घटली आणि घटलेलीच राहिली. कुप्या असलेल्या रांगेत त्याहून वेगळे काही दिसले नाही. त्यामुळे पूर्ण हंगामाचे संरक्षण म्हणून मी हे उत्पादन पुन्हा घेणार नाही. उरलेल्या सहा कुप्या डब्यात घालून, डब्याचे झाकण घट्ट लावून ठेवल्या आहेत. काढणीच्या आधीचा एखादा आठवडा, दर दोन दिवसांनी झाड बदलत, त्या वापरीन.