नळाच्या तक्रारी वाचायला कोणतं तंत्र घ्यावं?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात पाण्याच्या तक्रारी आता व्हॉट्सॲपवर येतात. एक मराठीत, दुसरी कन्नडमध्ये, तिसरी इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी. त्या संगणकाकडून वाचून घ्यायच्या असतील तर तीन पर्याय आहेत.

पहिला, शब्दांची यादी. 'गळती', 'गढूळ', 'नीरु बंदिल्ल' (कन्नडमध्ये 'पाणी आलं नाही') असे शब्द दिसले की तक्रार त्या त्या खात्यात जाते. खर्च जवळजवळ नाही आणि निर्णय कुठून आला ते कुणालाही दिसतं. पण मराठीत 'पाणी'चं 'पाण्याला', 'पाण्याचा' होतं, त्यामुळे यादी वाढतच जाते. मोठी अडचण वेगळीच आहे. 'नळाच्या पाण्याला गटाराचा वास येतोय' हा मजकूर 'गटार' शब्दामुळे ड्रेनेजकडे जातो. खरं तर सगळ्यात तातडीची तक्रार हीच. जिथं पाणी थांबून थांबून येतं तिथं मधल्या काळात पाईपमध्ये दाब नसतो, आणि फुटक्या जोडातून बाहेरची घाण आत ओढली जाते. अशा ठिकाणी लगेच माणूस पाठवून क्लोरीन तपासायला हवं. पाण्यात ते लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उरलेलं असावं, असं भारतीय मानक सांगतं.

दुसरा पर्याय, आधीच शिकवलेलं बहुभाषिक मॉडेल, म्हणजे भरपूर मजकूर वाचून भाषा शिकलेला संगणक प्रोग्राम, उदाहरणार्थ गूगलचं 'म्युरिल'. ते १७ भाषांवर घडवलंय, त्यात मराठी, कन्नड आणि उर्दू आहेत, शिवाय रोमन अक्षरांत लिहिलेला मजकूरही. आपल्याकडच्या जुन्या तक्रारींवर, कोणती कुठल्या खात्याची, अशा खुणा करून त्याला पुन्हा शिकवावं लागतं, आणि वेळ खाणारं काम तेच. मात्र एकदा शिकलं की ते आपल्याच सर्व्हरवर चालतं. सीमाभागासाठी मी हेच निवडेन.

तिसरा, चॅटजीपीटीसारखं, बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरवर चालणारं मोठं संवादी मॉडेल. खुणा न करताही ते कामाला लागतं आणि आठवड्याचा गोषवारा छान लिहितं. पण दर तक्रारीला पैसे लागतात, आणि नागरिकाचा फोन, पत्ता, कनेक्शन नंबर बाहेरच्या कंपनीकडे जातो. हे सगळं झाकूनच मजकूर पाठवावा. शिवाय मजकुरात नसलेली गल्लीही ते आत्मविश्वासाने लिहून मोकळं होतं.

पत्त्यावर तर तिन्ही अडखळतात. 'कपिलेश्वर मंदिराच्या मागं' किंवा 'गोवावेसजवळ' असंच लोक लिहितात. खुणेच्या जागांची वॉर्डवार यादी हाताने करण्याला पर्याय नाही.

दुसरं तंत्र घेतलं तरी वास, रंग आणि जुलाब या शब्दांची छोटी यादी सोबत ठेवा. त्यातला एकही शब्द आला तर मॉडेल काहीही म्हणो, तक्रार थेट अभियंत्याकडे जावी. खुणा करायला बाहेरची एजन्सी बोलवू नका. दोन्ही भाषा बोलणारा, वॉर्ड पायाखालचा असलेला व्हॉल्व्हमन त्या कामाला बसवा आणि त्याला त्याचे वेगळे पैसे द्या.