काकू, दोनच दिवस वायफाय द्याल का?

सुरुवात माझ्याच चोरीपासून करते, म्हणजे पुढचं रडगाणं ऐकताना तुम्हाला माझी फार दया येणार नाही.

2008 साली आम्ही जुईनगरला भाड्याने राहत होतो. घरात नेट नव्हतं, पण लॅपटॉप उघडला की ‘लिंकसिस’ नावाचं एक उघडं नेटवर्क दिसायचं. तेव्हाचे राउटर खोक्यातून काढून लावले की बिनपासवर्डचेच चालू व्हायचे. लोक कंपनीचं नावसुद्धा बदलायचे नाहीत. ते नेट कोणाचं, हे आम्ही कधी शोधलं नाही. खिडकीजवळच्या स्टुलावर लॅपटॉप ठेवला की रेंज यायची. मी त्यावर क्लायंटची रिटर्न्स भरली, नवऱ्याने क्रिकेटचे स्कोअर पाहिले. सात-आठ महिने सगळं चकटफू. ‘त्याचं काय जातंय?’ हे आमचं ठरलेलं उत्तर.

26 जुलै 2008 ला अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा मेल गेला होता, आणि तो मेल निघाला होता सानपाड्यातल्या एका फ्लॅटच्या वायफायवरून. सानपाडा म्हणजे आमच्या शेजारचं स्टेशन. तिथे भाड्याने राहणाऱ्या अमेरिकन माणसाचं नेट कोणीतरी परस्पर वापरलं होतं. पोलीस गेले ते अर्थातच त्याच्या दारात. त्याचे संगणक जप्त झाले, चौकशांचा ससेमिरा लागला. ऑगस्टमध्ये पुढचा मेल माटुंग्याच्या एका कॉलेजच्या नेटवर्कवरून गेला, सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या स्फोटांच्या वेळचा चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून. आमच्या खिडकीतलं ‘लिंकसिस’ त्या आठवड्यातच गायब झालं. आम्ही स्टूल उचलून ठेवलं आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

एवढं डोळ्यांदेखत घडलेलं असताना मी सोळा वर्षांनी फसले.

आता आम्ही नेरुळला राहतो. मी घरून जीएसटीची कामं करते. एका क्लायंटचा टॅलीचा (हिशेबांच्या सॉफ्टवेअरचा) सर्व्हर फक्त ठरलेल्या आयपी पत्त्यावरूनच, म्हणजे नेट कनेक्शनच्या ओळख-क्रमांकावरूनच उघडतो, म्हणून जास्तीचे पैसे भरून आम्ही कायमचा एकच आयपी पत्ता घेतला. कनेक्शन नवऱ्याच्या नावावर. या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवा.

जून 2024 मध्ये शेजारच्या 302 मध्ये एक मुलगा राहायला आला. सत्ताविशीचा, नीटनेटका, बोलायला गोड. फ्लॅटचा मालक परदेशात, व्यवहार सगळा एजंटमार्फत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. हातात कंदी पेढ्यांचा पुडा. “काकू, मी मूळचा साताऱ्याचा. माझं नेट सोमवारी लागतंय, पण उद्या ऑफिसची मीटिंग आहे. दोनच दिवस वायफाय द्याल का?” सातारचे कंदी पेढे वाशीतही मिळतात, हे तेव्हा मला सुचलं नाही. पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून दिला. खाली ‘शुभेच्छा’ असंही लिहिलं.

सोमवार आला नि गेला. त्याचं नेट काही लागलं नाही. मी विचारलं नाही, कारण ‘झालं का रे तुझं?’ असं विचारणं मला कंजूषपणाचं वाटलं. आमचे सासरे म्हणायचे, दारातला पाण्याचा माठ कोण पितो ते बघायचं नसतं. नेटचंही तसंच, असं मी मनाशी म्हटलं. तुलना छान होती, पण चुकीची होती. माठातलं पाणी पिऊन कोणी कुठे दरोडा घातला तर पोलीस माठ शोधत येत नाहीत. नेटचं उलट आहे. घरातले फोन, टीव्ही, लॅपटॉप, शेजारच्याचा लॅपटॉप, सगळे बाहेरच्या जगाला एकाच पत्त्याने दिसतात. आत कोण बसलंय ते बाहेरून कळत नाही, आणि पत्त्याखाली नाव असतं बिल भरणाऱ्याचं.

जुलैत माझा प्रिंटर वायफायवर येईना. त्यालाच बोलावलं. पाच मिनिटांत प्रिंटर चालू करून दिला, वर म्हणाला, “काकू, तुमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांचे राउटर एकाच चॅनलवर आदळतायत. बदलून देऊ का? स्पीड वाढेल.” मग त्याने मला एक, सहा आणि अकरा या चॅनलांची, म्हणजे वायफायच्या लहरींच्या पट्ट्यांची गोष्ट सांगितली, हे तीन एकमेकांत घुसत नाहीत वगैरे. ती गोष्ट अगदी खरी आहे. स्पीडही खरंच वाढला. राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड त्याने मला विचारलासुद्धा नाही, राउटर उलटा करून खालच्या स्टिकरवर वाचला. मी तोवर चहा टाकायला आत गेले होते. माझ्या मते फसवणुकीचा खरा क्षण हा. पासवर्ड मागितला तो नव्हे. जो माणूस समोर बसून आपलं काम खरोखर करून देतो, त्याच्या हाताकडे आपण बघत नाही.

ऑगस्टमध्ये मुलगी कुरकुरायला लागली की रात्री नेट रखडतं. तेव्हा मात्र मी वायफायचा पासवर्ड बदलला. हे काम मी दोन महिने टाळत होते, कारण पासवर्ड बदलला की टीव्ही, प्रिंटर, कॅमेरा, चार फोन, सगळ्यांना तो पुन्हा घालत बसावं लागतं. शिवाय मला वाटत होतं की पासवर्ड एकाच फोनमध्ये आहे. तसं नसतं. अँड्रॉइड फोनवर वायफाय ‘शेअर’ म्हटलं की चौकोनी कोड येतो, तो दुसऱ्याने स्कॅन केला की तोही आत. एकाला दिलेला पासवर्ड किती जणांपर्यंत पोचला, हे आपल्याला कळण्याची सोय नाही. असो. बदलला, आणि मी निश्चिंत झाले. त्यानेही पुन्हा मागितला नाही. उलट मलाच वाईट वाटलं की बिचारा संकोचला असेल.

ऑक्टोबरच्या शेवटी तो फ्लॅट सोडून गेला. जाताना पाया पडला.

नोव्हेंबरमध्ये नवऱ्याच्या नावाने पोलिसांची नोटीस आली. प्रकरण असं होतं: ऐरोली, कोपरखैरणे भागातल्या रिकाम्या फ्लॅट्सच्या खोट्या जाहिराती, स्वस्त भाडं, झकास फोटो. फोन केला की ‘मालक’ सांगणार, मी बाहेरगावी आहे, सोसायटीच्या गेटपाससाठी 2,500 रुपये पाठवा, परत मिळतील. मग टोकन. मग फोन बंद. जाहिरातींच्या साइटने पोलिसांना लॉगिनचे आयपी पत्ते आणि वेळा दिल्या. साध्या घरगुती कनेक्शनमध्ये बरेचदा एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे शोधायला वेळ लागतो. आमचा पत्ता आम्ही पैसे भरून एकट्यासाठी घेतलेला. सरळ बोट नवऱ्याकडे.

पोलीस ठाण्यात आम्ही दोघंही गेलो. बाहेरच्या बाकावर एक मुलगी वडिलांबरोबर बसली होती. नांदेडहून पहिल्या नोकरीसाठी आलेली, 17,500 रुपये गेलेले. तिने 1930 वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन केला होता, पण तीन दिवसांनी. तोवर पैसे खात्यातून काढले गेले होते. आत आमचं नाव पुकारलं गेलं तेव्हा तिने वळून नवऱ्याकडे पाहिलं. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, कधी रिक्षावाल्याशी सुट्ट्यावरून वाद घातला नाही, तो खाली मान घालून उभा. पासवर्ड दिला होता मी.

साहेबांनी ऐकून घेतलं, हे कबूल करायला हवं. मी म्हटलं, ऑगस्टमध्ये मी पासवर्ड बदललाय. ते म्हणाले, मॅडम, लॉगिन ऑक्टोबरपर्यंत आहेत. तिथे माझे पायच गळाले. मग ते नेट कंपनीच्या माणसाला घेऊन घरी आले. त्याने राउटरचं पान उघडलं आणि दाखवलं: आमच्या नेटवर्कच्या खाली दुसरं एक नेटवर्क चालू होतं, वेगळ्या पासवर्डचं, आणि त्याचं नाव लपवलेलं. फोनवर आसपासची नेटवर्क्स बघताना ते दिसतच नव्हतं. एकाच राउटरवर अशी तीन-चार नावं चालवता येतात. मी माझ्या दाराचं कुलूप बदललं होतं, आणि त्याने जुलैतच भिंतीला दुसरं दार पाडून ठेवलं होतं. कोणकोण जोडलं गेलं याची नोंद राउटरमध्ये उरली नव्हती. लाइट गेल्यावर ती पुसली जाते.

वाचवलं ते त्या व्हॉट्सअ‍ॅपच्या मेसेजने. तारीख, त्याचा नंबर, पासवर्ड, ‘शुभेच्छा’. तोंडी दिला असता तर सांगायला काय होतं आमच्याकडे? 302 च्या मालकाने भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवलेलीच नव्हती. एजंटकडे आधारची एक झेरॉक्स निघाली, तीही बनावट. सोसायटीने विचारलं नव्हतं, कारण मेंटेनन्स वेळेवर येत होता.

आमच्यावर गुन्हा दाखल झाला नाही. पण माझा आणि मुलीचा लॅपटॉप तपासणीला गेला, तो फेब्रुवारीत परत मिळाला. मुलीची सेमिस्टर मध्येच. माझं तर पोटच त्यावर. दर महिन्याला 11 तारखेला एक रिटर्न, 20 ला दुसरं, उशीर झाला की दिवसाला 50 रुपये लेट फी. सात क्लायंटची लेट फी मी पदरची भरली, दोघं तरीही सोडून गेले. त्यांनी कारण सांगितलं नाही. टॅलीच्या सर्व्हरवाल्या क्लायंटला मी स्वतः जाऊन सांगितलं की चार महिने तुमच्या परवानगीच्या पत्त्यावर एक परका माणूस बसलेला होता. त्या बैठकीबद्दल लिहायची माझी तयारी नाही.

वकिलांकडून एक गोष्ट कळली ती जुईनगरच्या खिडकीपाशी घेऊन गेली. मालकाच्या परवानगीशिवाय त्याचं नेटवर्क वापरणं 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 मध्ये बसतं, आणि अप्रामाणिक हेतूने केलं तर कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पासवर्ड नव्हता म्हणजे परवानगी होती, असं नाही. दार उघडं दिसलं म्हणून कोणी आत येऊन आपल्या सोफ्यावर बसत नाही. आम्ही मात्र आठ महिने बसलो होतो.

आता राउटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी दाबून तो कोरा केला आहे. सेटिंगचा पासवर्ड स्टिकरवरचा नाही, माझा आहे, आणि वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा आहे. बटण दाबून जोडायची सोय बंद. महिन्यातून एकदा, 20 तारखेचं रिटर्न गेलं की, मी ते पान उघडून नेटवर्क्स मोजते. पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क आहे, त्यावरून घरातला प्रिंटर नि लॅपटॉप दिसत नाही. पण बाहेरच्या जगाला पत्ता तोच जातो, म्हणून तेही पाहुणे गेले की बंद. नवरा म्हणतो, कोणालाच देऊ नकोस. ते मला जमत नाही. कामाला येणाऱ्या ताईंची मुलगी बारावीला आहे, ती दुपारी आमच्या हॉलमध्ये बसून लेक्चर बघते. तिला मी देते. तिच्यासमोर देते, आणि ती निघाली की बंद करते, तेव्हा दर वेळी मला ओशाळल्यासारखं होतं.

केस अजून चालू आहे. त्याचा नंबर बंद लागतो. तो मेसेज मी पुसलेला नाही, साहेबांनी ठेवायला सांगितलाय. परवा फोन बदलताना सगळी चॅट्स नव्या फोनवर आली का ते बघत होते. आधी तोच शोधला. पासवर्डखाली दोन निळ्या खुणा, आणि त्याचं उत्तर: “थँक्यू काकू, तुमचे उपकार विसरणार नाही.”