पहिल्या सत्रात चार्ट नाही, कॉन्ट्रॅक्ट नोट: एका इंट्राडे वर्गाबद्दल

इंट्राडे ट्रेडिंग, म्हणजे शेअरची खरेदी आणि विक्री एकाच दिवसात संपवणं, शिकवणारा एक मराठी ऑनलाइन वर्ग मी नुकताच पूर्ण केला. वर्गाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण आवडलेल्या गोष्टींसोबत खटकलेल्याही लिहायच्या आहेत. ज्यांना असा कुठलाही वर्ग निवडायचा आहे, त्यांना काय तपासायचं हे यातून कळावं, एवढीच इच्छा.

माझी सगळी नोकरी अकाउंट्समध्ये गेली, त्यामुळे पहिल्याच सत्राने मला जिंकलं. सरांनी स्क्रीनवर चार्ट न लावता एक कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे सौद्यानंतर ब्रोकर देतो ते बिल, लावली आणि ओळ न् ओळ वाचायला घेतली. उदाहरण साधं होतं. ५०० रुपयांचे २०० शेअर घेतले, ५०१ ला विकले. नफा २०० रुपये. आता खर्च बघा. प्रत्येक ऑर्डरला २० रुपये धरले तर ब्रोकरेज ४०. विक्रीच्या रकमेवर ०.०२५ टक्के एसटीटी (सौद्यांवरचा सरकारी कर), म्हणजे २५ रुपये. खरेदीवर ०.००३ टक्के स्टॅम्प ड्यूटी, ३ रुपये. एक्स्चेंजचे सहाएक रुपये, बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचे काही पैसे, आणि ब्रोकरेज व या शुल्कांवर १८ टक्के जीएसटी. बेरीज साधारण ८२ रुपये. हातात उरले ११८. भाव उलटा एक रुपया गेला असता तर खिशातून २८२ गेले असते. "पाचशेच्या शेअरमध्ये पहिले चाळीसेक पैसे तुमचे नसतातच," असं सर म्हणाले. बाजारात बरीच वर्षं असलेली मंडळीही हा हिशेब करत नाहीत. तो चार्टच्या आधी शिकवला, यासाठी मी या वर्गाला सगळ्यात जास्त गुण देईन.

त्याच सत्रात सेबीचा जुलै २०२४ चा अभ्यास दाखवला. २०२२-२३ मध्ये शेअरच्या रोख बाजारात इंट्राडे करणाऱ्या दर दहा व्यक्तींमागे सात तोट्यात होत्या. वर्षाला ५०० पेक्षा जास्त सौदे करणाऱ्यांत तोट्यातल्यांचं प्रमाण ८० टक्के. तोट्यात गेलेल्यांनी तोट्याच्या आणखी ५७ टक्के इतकी रक्कम सौद्यांच्या खर्चात घातली, आणि नफ्यातल्यांनी नफ्याच्या १९ टक्के. आपला माल विकणारा माणूस सुरुवातीलाच हे आकडे समोर ठेवतो, हे मला फार मोलाचं वाटलं. दिवसाला दोन लॉस झाले की टर्मिनल बंद, हा त्यांचा नियम या आकड्यांतूनच आला आहे आणि तो शब्दशः पाळण्यासारखा आहे.

दुसरं सत्र क्वांटिटीचं. माझ्या मते अख्ख्या वर्गाचा गाभा हाच. भांडवल एक लाख, एका सौद्यात जास्तीत जास्त एक टक्का, म्हणजे १००० रुपये घालवायची तयारी. खरेदी ५०० ला, स्टॉपलॉस, म्हणजे तोटा थांबवायला बाहेर पडायचा भाव, ४९५ ला. फरक पाच रुपये, म्हणून २०० शेअर, आणि खर्चही त्या हजारात बसवायचा तर त्याहून थोडे कमीच. आता ब्रोकर काय देतो? सेबीचे पीक मार्जिनचे नियम सप्टेंबर २०२१ पासून पूर्ण लागू झाले, तेव्हापासून रोख बाजारात इंट्राडेसाठी सौद्याच्या किमान २० टक्के रक्कम मार्जिन म्हणून आधी ठेवावी लागते. म्हणजे लाखावर पाच लाखांपर्यंतचा माल मिळतो. ॲपवर १००० शेअर घेता येतील असं दिसतं. तोच पाच रुपयांचा स्टॉपलॉस लागला तर ५००० गेले, भांडवलाच्या पाच टक्के. किती शेअर मिळतात ते मार्जिन सांगतं, किती घ्यायचे ते स्टॉपलॉस. सरांनी हे गणित प्रत्येकाकडून वेगवेगळ्या भावांवर करून घेतलं, आणि ज्यांचं चुकलं त्यांना पुन्हा करायला लावलं.

स्ट्रॅटेजी मोजक्याच. ओपनिंग रेंज ब्रेकआउट: सव्वानऊ ते साडेनऊचा हाय आणि लो आखायचा, पाच मिनिटांची कॅन्डल (तेवढ्या वेळातली भावाची हालचाल दाखवणारी चार्टवरची पट्टी) चांगल्या व्हॉल्यूमसकट, म्हणजे भरपूर शेअर फिरून, त्या हायच्या वर बंद झाली तरच खरेदी, लोच्या खाली बंद झाली तर शॉर्ट, म्हणजे आधी विकून नंतर घ्यायचं. पंधरा मिनिटांची ती रेंजच खूप मोठी असेल तर सौदा सोडून द्यायचा, कारण स्टॉपलॉस लांब जातो. दुसरी व्हीवॅपची. दिवसभरात जिथे जास्त माल फिरला त्या भावांना जास्त वजन देऊन काढलेली ही सरासरी रोज सकाळी नव्याने सुरू होते. भाव तिच्या वर टिकून आहे, खाली येऊन तिला टेकतो आणि पुन्हा उचलतो, तिथे एंट्री. हे त्यांनी सुरेख शिकवलं, एकेक कॅन्डल पुढे सरकवत. मूव्हिंग ॲव्हरेज क्रॉसओव्हर (भावाच्या दोन सरासरी रेषा एकमेकींना छेदतात तो संकेत) मात्र घाईत उरकला. आडव्या बाजारात तो कसा पुन्हा पुन्हा फसवतो, हे दाखवायलाच हवं होतं.

माझी मोठी तक्रार इथेच आहे. ब्रेकआउटचे बहुतेक चार्ट सुटसुटीत ट्रेंडच्या दिवसांचे होते. रेंज फुटून भाव परत आत येतो, असे दिवसही ट्रेडरच्या वाट्याला येतात, आणि ते एक-दोनच दाखवले. नवख्या माणसाच्या मनात यशाचं खोटं प्रमाण बसतं.

ऑर्डर टाकण्याचा भाग ठीक होता. एसएल (स्टॉपलॉस) ऑर्डरमध्ये ट्रिगर, म्हणजे ऑर्डर जागी होण्याचा भाव, ४९५ आणि लिमिट, म्हणजे ज्याच्या खाली विकायचं नाही तो भाव, ४९४.५० ठेवली, आणि भाव झटक्यात ४९४ ला गेला, तर ऑर्डर तशीच लटकून राहते. हे समजावून सांगितलं, ते बरं केलं. ब्रोकर साडेतीनच्या आधी स्वतःच पोझिशन (उघडा राहिलेला सौदा) कापतात, काही त्याचे वेगळे पैसेही घेतात, म्हणून तीननंतर आपणच बाहेर पडायचं.

शेअर कुठले निवडायचे याला मात्र फार कमी वेळ दिला. निफ्टी ५० मधले घ्या, व्हॉल्यूम बघा, ट्रेड टू ट्रेड गटातले (डिलिव्हरी घ्यावीच लागते असे) शेअर इंट्राडेला चालत नाहीत, एवढं सांगून पुढे गेले. शॉर्ट केलेल्या शेअरला अप्पर सर्किट (दिवसभरात भाव वाढण्याची कमाल मर्यादा) लागलं तर काय होतं, हे एका वाक्यात आटोपलं. विकणारा कोणी नसतो, त्यामुळे पोझिशन कव्हर होत नाही. डिलिव्हरी द्यायला माल नसतो, मग एक्स्चेंज लिलावात तो शेअर घेतं आणि फरक तुमच्या खात्यातून जातो. तिथे तुमचा स्टॉपलॉस कामाला येत नाही. पाच किंवा दहा टक्क्यांचं सर्किट असलेल्या छोट्या शेअरमध्ये शॉर्ट करणाऱ्याला हे आधी ठाऊक असलंच पाहिजे.

मानसिकतेवरचं सत्र कंटाळवाणं होतं. करावर दिलेली माहिती थोडी पण नेमकी: इंट्राडेचा नफा सट्टा व्यवसायाचं उत्पन्न धरला जातो, आणि तोटा चार वर्षं पुढे नेता येतो, तोही फक्त अशाच नफ्यासमोर आणि रिटर्न वेळेत भरलं असेल तरच.

एक गोष्ट आवर्जून सांगते. संपूर्ण वर्गात एकही टिप दिली नाही, कुठल्या ग्रुपमध्ये बोलावलं नाही. शिकवणाऱ्यांनी मागच्या तीन महिन्यांतले भाव वापरून कुठल्याही शेअरबद्दल बोलू नये, असं सेबीने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं. सरांनी तारखा दाखवूनच जुने चार्ट लावले. तुम्ही बघत असलेल्या वर्गात कोणी आजचा चार्ट लावून "हा उद्या उडणार" म्हणत असेल, तर सेबीचा नोंदणी क्रमांक विचारा.

दरमहा ठरावीक कमाई हवी असेल त्यांच्यासाठी हा वर्ग नाही, हे सरांनीही सांगितलं. डीमॅट खातं आहे, थोडी खरेदी-विक्री केली आहे आणि इंट्राडे करायचंच ठरवलं आहे, अशांनी जरूर करावा. पुढच्या बॅचमध्ये फसलेल्या ब्रेकआउटचं एक पूर्ण सत्र आणि सर्किट-लिलावाचा अर्धा तास वाढवावा, असं मी सरांना लिहून कळवलं आहे. तोवर ज्यांनी वर्ग लावला आहे त्यांनी क्वांटिटीच्या सत्राचं रेकॉर्डिंग पहिला सौदा टाकण्याआधी पुन्हा बघावं, कागद-पेन घेऊन.